टोकाबाई पीस देत नाही

माझे काका विष्णुपंत नळेगावकर यांचा आवाज निम्म्या जिल्ह्याला ओळखीचा होता आणि चेहरा गल्लीबाहेर कुणाला माहीत नव्हता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तुळजापूरच्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे, माइकसमोर काढली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. उमरग्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे." नवरात्रात तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसायची. पोरं हरवायची, चपला हरवायच्या, एकदा तर एक नवरदेव हरवला होता. काकांचा आवाज मात्र तसाच, एका पट्टीत. नवरदेव हरवल्याची घोषणाही त्यांनी उमरग्याच्या गाडीसारखीच केली होती.

हा आवाज घरी येताना ते बाहेर ठेवून येत नसत. जेवणाची वेळ झाली की विचारायचे, "ताटे वाढण्यात आली आहेत का?" लहानपणी मी एकदा तापानं फणफणलो होतो, तर कपाळावर ओली पट्टी ठेवून म्हणाले होते, "रुग्णाने विश्रांती घ्यावी." यात थट्टा नव्हती. पट्टी बदलत ते पहाटेपर्यंत बसून होते. पण तोंडातून यायचं ते असंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली. त्यालाही कारण होतं. हरवलेली पोरं पोलीस आणून त्यांच्याच खोलीत बसवायचे. आईबाप येईपर्यंत ती माइककडे बघत मुसमुसायची. त्यांना काहीतरी सांगावं असं काकांना दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी कुठली तरी गाडी लागायची. ती राहून गेलेली गोष्ट आता सांगायची होती. रामलिंगाच्या डोंगरातला एक मोर, नाव पिसाराम, आणि एक साळिंदर, नाव टोकाबाई, यांच्या मैत्रीची.

मी तामलवाडीच्या शाळेत शिकवतो. कादंबरी लिहून होताच काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्या वर्गात आले आणि खुर्चीवर ताठ बसून वाचू लागले.

"टोकाबाई, माझे एक पीस हरवले आहे," पिसाराम म्हणाला.

"पिसाराम, ते मला सापडले आहे. ओळख पटवून घेऊन जावे," टोकाबाई म्हणाली.

"आपला आभारी आहे."

"आपला दिवस सुखाचा जावो."

माझ्या वर्गात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेवटच्या बाकावरची तीन पोरं एकमेकांच्या खांद्यावर रीतसर झोपली. अक्षरानं हात वर केला.

"सर, यातला मोर कंचा?"

"पिसाराम," काका म्हणाले.

"नाव कळलं. पण नाव झाकलं तर कोण बोलतंय ते कळंना. दोघंबी सारखंच बोलत्यात."

तिच्या शेजारची वैष्णवी म्हणाली, "आन् पीस तर लगेच देऊन टाकलं. मग पुढं काय झालं?"

"पुढे दोघांनी मिळून जांभळे खाल्ली."

"मग?"

"मग करवंदे."

"मग?"

"मग बोरे," काका म्हणाले, पण आता त्यांनाच जरा अवघडल्यासारखं झालं होतं. सबंध वर्ष उलटून गेलं होतं, झाडांना नवी फळं आली होती, आणि पुस्तकात काहीच घडलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. मी म्हटलं, "काका, ते दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. एकमेकांना सूचना देतात. एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा ते द्यायला तयार नाही, असं झालं की मग कोण कसा आहे ते बाहेर येतं. त्यांचं वाजायला पाहिजे कशावरनं तरी."

"मुलांचे पुस्तक आहे, अनिरुद्ध. मुलांना भांडणे कशाला शिकवायची?"

मी समोर बोट दाखवलं. नळावर वैष्णवी आणि अक्षरा एका बाटलीवरून जुंपल्या होत्या. वैष्णवी गावभर ऐकू जाईल अशी ओरडत होती. अक्षरा एक शब्द बोलत नव्हती, फक्त बाटलीचं झाकण खिशात घालून उभी होती. झाकणाशिवाय बाटली घेऊन वैष्णवी करणार काय? काका टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "पाठमोऱ्या असत्या तरी कोण कुठली ते कळले असते." आणि पिशवी उचलून थेट तुळजापूरची गाडी धरली.

त्या शनिवारी मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. शारदाकाकू भाकरी थापत होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "शारदा, एक विनंती आहे. माझ्याशी भांडण करावे."

काकूंचा हात थांबला. "काय झालं?"

"काही झालेले नाही. आपले आजवर एकदाही भांडण झालेले नाही. त्यामुळे मला ते लिहिता येत नाही."

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली, शेगडी बारीक केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? एकदाही झालं नाही म्हणे. अरे, मी लग्न झाल्यापासून भांडतेय यांच्याशी. रात्रीची शिफ्ट बदलून घ्या म्हणून भांडले, माहेरी सोडायला या म्हणून भांडले, या खिडकीला जाळी लावा म्हणून तर दर पावसाळ्यात भांडते. हे काय म्हणतात? 'नोंद घेण्यात आली आहे.' आता नोंद घेतलेल्या माणसाशी कसं भांडायचं, तू सांग."

"मग आता भांड," काका म्हणाले.

"नाही भांडणार. सांगून कुणी भांडतं का?"

"पुस्तकासाठी."

"पुस्तकासाठी तर मुळीच नाही."

काकांनी मान डोलावली. "नोंद..." म्हणाले, आणि काकूंची नजर बघून पुढचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोर प्रत्यक्ष पाहिला तर काही सुचेल, असं काकांच्या मनानं घेतलं. म्हणून आम्ही तिघं रामलिंगाला निघालो. धाराशिवला गाडी बदलली आणि रामलिंगाजवळच्या येडशीच्या गाडीत बसलो. गाडी भरलेली होती. काकांनी पिशवीतून कागद काढले आणि काकूंना म्हणाले, "भांडू नकोस. फक्त टोकाबाईची वाक्ये वाच. पिसारामची मी वाचतो. कानाला कसे लागते ते बघू."

काकूंनी चष्मा लावला. काकांनी सुरुवात केली, "टोकाबाई, माझे एक पीस हरवले आहे."

"पिसाराम, ते मला सापडले आहे," काकूंनी वाचलं. "ओळख पटवून..." इथं त्या थांबल्या. कागदाकडे पुन्हा एकदा बघितलं. "ही का देतेय?"

"कारण पीस त्याचे आहे."

"असेल. त्याच्याकडे ढीगभर आहेत की. हिच्या अंगावर जन्मापासून काटे. कुणी जवळ येत नाही, कुणी पाठीवरून हात फिरवत नाही. एक मऊ गोष्ट मिळाली आयुष्यात, ती पण ओळख पटवून देऊन टाकायची? नाही देणार."

"असे लिहिलेले नाही, शारदा."

"लिहिलेलं नसू दे. टोकाबाई पीस देत नाही."

हे शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं झालं. मागच्या सीटवर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ बसले होते. दगडोबा त्यांचं नाव, ते आम्हाला नंतर कळलं. ते पुढं वाकून म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय. मोर दरसाल पिसं टाकतोच. टाकलेलं पीस म्हंजे ज्याला घावंल त्याचं."

"टाकलं न्हाय, हरवलं म्हनाले ते," पलीकडून एक आजी बोलल्या. मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेऊन त्या लेकीकडे निघाल्या होत्या. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की त्या उमरग्याकडच्या नीलम्मा. "अय्यो, माझी कोथमीर खाली पडली तर ती काय तुमची होते का?"

"कोथमीर येगळी, पीस येगळं!"

"वेगळं कसं?"

आणि गाडी पेटली. डावीकडच्या सीटा बहुतेक मोराच्या बाजूनं गेल्या, उजवीकडच्या साळिंदराच्या. उभे असलेले लोक कल बघून इकडे तिकडे झाले. मागच्यांना सुरुवात ऐकू आली नव्हती. त्यामुळे टोकाबाई नावाच्या कुणा बाईनं पिसाळ नावाच्या माणसाची वस्तू दाबून ठेवलीय, अशी बातमी शेवटच्या बाकावर पोचली आणि तिथून "पोलिसात द्या तिला!" अशी आरोळी आली. वाहक मोनिका तिकिटं टाकून मधे उभी राहिली.

"गाडीत भांडायचं नाही. कोण टोकाबाई? पुढं या."

काकूंनी हात वर केला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"मावशी, वस्तू देऊन टाका अन् गप बसा, नाहीतर उतरा."

"उतरते," काकू म्हणाल्या, "पण देत नाही."

मोनिकानं दोर ओढला. काकू उतरल्या, त्यांच्यामागं कागद सावरत काका, त्यांच्यामागं मी. आणि आमच्यामागं दगडोबाही, कारण ते त्यांचंच गाव होतं. गावाचं नाव मी सांगत नाही. वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा पिवळा फलक आहे आणि गावाला ती अब्रू जपायची आहे.

दगडोबा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष निघाले. फलकाखाली उभं राहून त्यांनी आपलं दुःख सांगितलं. गाव तंटामुक्त झाल्यापासून समितीकडे एकही तंटा आला नव्हता. बांधाचे मिटले, पाण्याचे मिटले, भावाभावांचे मिटले. समिती दर महिन्याला बसायची, चहा प्यायची आणि उठायची.

"तुमी देवागत आलात," ते काकांना म्हणाले. "आता निकाल लावल्याबगर मी काय तुमाला सोडत न्हाय."

"पण हे पुस्तकातले आहे," काका म्हणाले.

"तंटा हाय का न्हाय?"

"आहे," काकू म्हणाल्या.

"मग झालं."

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पडली. समिती गोळा झाली. दगडोबांच्या पत्नी सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिथंच बसल्या. दगडोबांचा मोठा मुलगा कुलदीप कृषी केंद्राचं दुकान बंद करून आला. दगडोबांनी टोपी नीट केली.

"अर्जदार कोण?"

"मोर," काका म्हणाले.

"राहणार?"

"रामलिंगाचा डोंगर."

कुलदीप म्हणाला, "ती हद्द आपली न्हाय, आबा."

"पर साळिंदर आपल्या हद्दीत येतंय का न्हाय?"

"येतंय तर!" सारजाबाई उसळल्या. "अवंदा माझा भुईमूग सगळा उकरला मेल्यानं."

"म्हंजे हद्द आपली. मोरानं बोलावं."

काका उठले, घसा साफ केला, आणि नोकरीतला आवाज लागला. "सर्व संबंधितांनी लक्ष द्यावे. सदर पीस हे..."

"थांबा, थांबा," दगडोबा म्हणाले. "ह्यो मोर बोलतोय का एस्टी?"

ओट्यावर हशा झाला. काका पुन्हा म्हणाले, "सदर पीस..." आणि अडकले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते वाक्य अर्धं सोडून बसले. मग काकू उभ्या राहिल्या. त्यांनी टोकाबाईची बाजू अशी मांडली की बायका पदर सावरायच्या विसरल्या. काट्यांखाली झोपायचं कसं, पिलाला जवळ घ्यायचं कसं, कुणाच्या दारात गेलं की आधी काठी कशी निघते, हे सगळं त्यांनी सांगितलं. "ते पीस मी बिळाच्या तोंडाशी लावलंय," त्या म्हणाल्या. "येता-जाता गालाला लागतं. तेवढंच."

साळिंदराला जन्मभर शिव्या देणाऱ्या सारजाबाईंनी डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या तिला ते पीस," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम आठवून, "पर भुईमुगाचं बघा काहीतरी."

समिती कुजबुजली. पीस मधून कापून दोघांना निम्मं द्यावं, असं एकानं सुचवलं. त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं. मग कुलदीपनं तोडगा काढला, आणि तो तोडगा होता मात्र पक्का. "साळिंदर रातचं फिरतं. मोर दिवसा. म्हंजे दिवसा ती झोपलेली असती, तवा पीस मोराकडं. रातच्याला तो झाडावर झोपला की पीस साळिंदराकडं. कुनाचंच नुकसान न्हाय."

वाहवा झाली. दगडोबांच्या चेहऱ्यावर महिनोन्महिने अडलेलं समाधान पसरलं. ते तडजोड जाहीर करणार, एवढ्यात काका ओरडले, "मला हे मान्य नाही!"

ओरडले. मी त्यांचा तो आवाज ओळखला नाही. वळून पाहिलं, तेव्हा कळलं की तेच आहेत.

"पंत, मिटलं की आता," दगडोबा म्हणाले.

"मिटायला नकोय मला! पीस घेऊन काय करू मी? सगळे येतात, पिसारा बघतात, वा वा करतात अन् आपापल्या वाटेनं जातात. माझ्याशी कुणी बोलत नाही. ही एकटी माझ्याशी भांडायला थांबली. दिवस माझा अन् रात्र तिची असं वाटून दिलंत, तर आमची गाठ कधी पडायची? मी झोपलो की ती उठणार, ती झोपली की मी. हे असंच चाललंय की! हेच तर चाललं होतं!"

काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"मग आधी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या.

"मला येत नव्हतं बोलता."

"शिफ्ट बदलून घ्या म्हणून किती वेळा सांगितलं."

कुलदीप माझ्या कानाशी लागला. "सर, मोराला शिफ्ट असती व्हय?"

मी त्याला खुणेनं गप्प केलं. दगडोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अध्यक्ष म्हणून त्यांना निकाल देणं भाग होतं आणि माणूस म्हणून देववत नव्हता. शेवटी म्हणाले, "अर्जदारालाच तंटा पायजेल असंल तर समितीनं काय करावं, ह्ये नियमात न्हाय." समितीनं चहा प्यायला आणि तंटा तसाच ठेवून ती उठली. मोर न बघताच आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतलो. गाडीत काका-काकू खिडकीच्या जाळीवरून भांडत होते. जाळी लोखंडी की नायलॉनची, हा मुद्दा होता. धाराशिव आलं तरी मिटला नव्हता.

त्यानंतर काकांनी कादंबरी पहिल्यापासून लिहिली. जांभळं, करवंदं आणि बोरं काढून टाकली. पिसाराम आता मोठमोठ्यानं बोलायचा आणि मनातलं तेवढं सांगायचा नाही. टोकाबाई तुटक बोलायची, विचारलं एक की उत्तर दुसरंच द्यायची, आणि खोटं बोलताना काटे उभे करायची. प्रत्येक प्रकरण झालं की काका ते काकूंना वाचून दाखवायचे, मग दगडोबांना फोनवर. कारण दगडोबा रोज विचारायचे, "दिलं का पीस?"

पण तिकडे गावाचं बिनसलं होतं. जो तंटा मिटला नाही तो गावात राहून गेला. वरची आळी मोराची झाली, खालची साळिंदराची. सारजाबाईंनी साळिंदराची बाजू सोडली नाही, कुलदीप मोराकडे गेला, आणि मायलेकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मधे दगडोबा निरोप पोचवायचे. एका लग्नात दोन पंगती वेगळ्या बसल्या. शेवटी दगडोबांनी वेशीवरच्या फलकावर खाली बारीक अक्षरात 'पिसाचा तंटा वगळून' असं रंगवून घेतलं. खोटं लिहिलेलं त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

एकदा काकांनी त्यांना एक नवं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात टोकाबाई मोराची माफी मागते, असं होतं. फोन स्पीकरवर असावा, कारण मधेच सारजाबाईंचा आवाज आला.

"पंत, ह्ये काय लिवलं? टोकाबाई माफी मागायची न्हाय."

"का नाही?" काकांनी विचारलं.

"तिचा सोभावच न्हाय तसला. ती गुपचूप त्येच्या झाडाखाली भुईमुगाच्या शेंगा ठिवंल आन् वळून न बघता जाईल. माफी कसली?"

मागून कुलदीप म्हणाला, "आन् मोर त्या शेंगा बघून बी बघितल्या न्हायत असं करंल."

"तुला कोन इचारलं?" सारजाबाई म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्या लेकाशी बोलल्या होत्या. मग मोर शेंगा खाईल की नुसता राखत बसेल, यावर मायलेकांचं जे जुंपलं, ते काका फोन कानाला लावून ऐकत राहिले. त्यांचा चहा गार झाला. फोन ठेवल्यावर ते काकूंना म्हणाले, "शारदा, मी लिहिलेले त्यांनी ऐकले नाही. ते दोघे आपापले बोलायला लागलेत."

"कोण, सारजाबाई आणि कुलदीप?"

"टोकाबाई आणि पिसाराम."

पावसाळा सरल्यावर काका पुन्हा माझ्या वर्गात आले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत, बाकांमधून फिरत वाचलं. मोर शेंगा राखत रात्रभर जागा राहतो, दिवसा डुलक्या घेतो आणि त्यामुळे नाचाच्या वेळी झाडावरून पडतो, तिथं मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली. वैष्णवी म्हणाली, टोकाबाई चोर आहे. अक्षरा काही बोलली नाही, पण मधल्या सुट्टीत तिनं वैष्णवीच्या डब्यातलं लोणचं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी वैष्णवीची आई मला विचारायला आली, "सर, ही टोकाबाई कंच्या वर्गात हाय? पोरीला लई तरास देती म्हनं."

पुस्तक धाराशिवच्या एका लहानशा छापखान्यानं छापलं. शेवटी पीस कुणाकडे राहिलं, ते मी इथं सांगणार नाही. काकांनी शेवट लिहिलाय, पण काकूंना तो अजून पटलेला नाही. दगडोबांनी समितीसाठी प्रती मागवल्या आणि शेवटचं पान वाचून ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, एवढं खरं.

आता दुसरं पुस्तक चाललंय. त्यात एक मुंगूस आहे. मुंगूस शूर असल्याचं नाटक करतं की खरोखरच शूर आहे, यावर दोघांचं एकमत होत नाही. गेल्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा ते भाजी आणायला म्हणून बाहेर पडले होते आणि रिकामी पिशवी घेऊन, जिना चढतानाही भांडत, परत आले.

"भाजी?" मी विचारलं.

काकूंनी चपला काढल्या. "यांना विचार. मंडईच्या दारातच म्हणाले की मुंगूस पळून जातं. असं मुंगूस असतं का?"

"असते," काका म्हणाले. "मी पाहिलेय."

"कुठं पाहिलंत?"

"आरशात," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले. काकूंनी क्षणभर मोरीच्या दाराकडे बघितलं, मग पिठल्यासाठी बेसनाचा डबा काढला.